गंजलेली दांडी आणि नववा सूर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, गणवेश शिवण्याच्या कारखान्यातून निवृत्त, राहणार घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र माझ्या हातानं आणि माझ्या अक्कलहुशारीनं लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणू शकेल असा एकच माणूस होता, माझा सख्खा धाकटा भाऊ, आणि त्याच्याशी मी एकतीस वर्षं बोललेले नाही. गुडघे कुरकुरतात, डोळे अर्धे गेले, कान मात्र शाबूत आहेत. डोकं ठिकाणावर आहे की नाही ते बघायला डॉक्टर समोर बसलेत आणि सारखे घड्याळाकडे बघतायत. बघू देत. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं भावाला दिलं होतं. तेव्हा मी मूर्ख होते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी खालच्या दुकानातले घड्याळजी करतील. एकदा ते खालून ऐकून जिना चढून आले आणि म्हणाले, "बाई, आज तुमच्या गिटारीचं दुसरं पेडल करकरतंय." हातात तेलाची बुधली होती. ज्याला छतातून करकर ऐकू येते त्याच्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवते.

कलम २. माझं शिवणयंत्र, तिन्ही कात्र्या आणि मापाच्या फिती कारखान्यातल्या माझ्या शेजारणीला द्याव्यात. मधली कात्री कागदाला लावायची नाही, हे तिला सांगावं. ती लावतेच.

कलम ३. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना माझा स्पीकर द्यावा. मी गिटार शिकत होते तेव्हा अकरा आठवडे ते काठीनं जमीन ठोकायचे, आणि तीही बेताल. स्पीकर चालू स्थितीत आहे. त्यांच्या सूनबाईंना मोठ्यानं गाणी ऐकायला आवडतात असं कळतं. मास्तरांना माझ्या शुभेच्छा.

कलम ४. आता गिटारीविषयी. हे कलम लांबेल. वाचणाऱ्यानं पाणी पिऊन घ्यावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. पेडल स्टील गिटार टेबलासारखी आडवी असते. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्यानं तारा छेडायच्या, पावलांनी पेडलं दाबायची आणि गुडघ्यांनी दांड्या ढकलायच्या. दांडी ढकलली की तार ताणली जाते किंवा सैल पडते आणि सूर बदलतो. हात, पाय, गुडघे सगळे एकदम कामाला. एका हॉटेलातला वाद्यवृंद मोडला तेव्हा मी ती माझ्या पगारातून घेतली. शिवणयंत्रावर वाढलेल्या पायांना पेडल नवं नव्हतं.

शिकवणारं कोणी नव्हतं. एक तबकडी होती, कुठल्याशा परक्या वादकाची. तिच्यात एका ठिकाणी तो बारा अर्धस्वरांवरून सरसर उतरतो, पायरीला पायरी लागून, एकही न गाळता. मला ते हवं होतं. तबकडी निम्म्या वेगानं फिरवली की सगळं एक सप्तक खाली येतं आणि संथ होतं. मग सुई उचलायची, ठेवायची, एक सूर पकडायचा, गुणगुणत गिटारीवर शोधायचा, पुन्हा सुई. कारखान्यातून आल्यावर रोज दोन तास. कधी एक सूर मिळायचा, कधी कालचाही हरवायचा. अकरा आठवड्यांनी बाराच्या बारा हाती आले. त्या दिवशी मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

नव्या हॉटेलात वादक हवा होता म्हणून गेले. मॅनेजर म्हणाला, "बाईमाणूस असे गुडघे हलवत बसलेलं गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही. घरात कोणी पुरुष नाही का?"

होता ना. बाळ्या होता. आता लोक त्याला गुरुजी म्हणतात, पण मी त्याचं नाक पुसलेलं आहे, मी बाळ्याच म्हणणार. वाजवायला बरा होता, फक्त ऐकून काही काढता यायचं नाही. म्हणून मी ऐकायचं, बसवायचं, टेपवर भरून द्यायचं आणि त्यानं ती टेप घोकायची, असं ठरलं. मीच ठरवलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

ती उतरण भरायच्या आठवड्यातच गिटारीची एक गुडघ्याची दांडी मोडली. गंज पार आतपर्यंत गेला होता. वेल्डरनं चिठ्ठी दिली: "जोड बसणार नाही, नवी करावी लागेल." तिच्यावर तारीख आहे. नव्या दांडीला महिना लागणार होता आणि बाळ्याचा कार्यक्रम शनिवारी. नववा सूर त्या दांडीशिवाय वेगात येईना. मग मी तो सोडला, आणि ते भोक झाकायला आठव्यावरून दहाव्यावर कांडी हळूच घसरवली. बाळ्याला म्हटलंसुद्धा, "इथं एक सूर कमी आहे हं. दांडी आली की भरून देते." तो "हो हो" म्हणाला. टेप उचलली आणि गेला.

परत विचारायला आला नाही. त्याच्या गिटारीच्या सगळ्या दांड्या धडधाकट असताना त्यानं ती घसर जशीच्या तशी वाजवली, गेली चाळीस वर्षं. लोकांनी तिला नाव दिलं "गुरुजींचा उसासा". शंभरेक शिष्य तो उसासा टाकत हिंडतायत. मी एकदा त्याच्या कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत जाऊन बसले होते. उसासा आला तशी शेजारची बाई डोळे पुसायला लागली. मला ओरडावंसं वाटलं, अगं बाई, दांडी गंजली होती!

तेही मी गिळलं असतं. पण एका मासिकात त्याची मुलाखत आली. "ती तबकडी मी दोनशे वेळा ऐकली. नववा सूर मुद्दाम गाळला. दुःख तिथं वस्तीला येतं." तबकडी माझ्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. दोनशे वेळा ऐकली म्हणे! मेल्यानं एकदाही पाहिलेली नाही. आणि पुढं लिहिलं होतं, "घरी एक बहीण होती, शिवणकाम करायची."

मी मासिक घेऊन त्याच्या घरी गेले. तो म्हणाला, "ताई, एवढं काय मनाला लावून घेतेस? लोकांसमोर वाजवलं कोणी? मीच ना?"

"आणि ऐकलं कोणी?"

"ऐकायला काय लागतं? कान तर सगळ्यांनाच असतात."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. अकरा आठवडे त्यानं एका वाक्यात धुऊन टाकले, आणि मला अजूनही त्याचा संताप येतो. हे मी शांत डोक्यानं लिहीत आहे.

कलम ५. गिटार, तबकडी, तबकडीचं यंत्र आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे बाळ्याच्याच मुलीला, द्यावी. सात वर्षांपूर्वी ती बापाला चोरून माझ्याकडे आली. म्हणाली, "आत्या, बाबांचा उसासा मला जमत नाही. खोटा वाटतो." मी तबकडी आणि सुई तिच्या हवाली केली आणि आत जाऊन भांडी घासत बसले. ती चार दिवस येत राहिली. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, इथं एक सूर आहे. बाबा तो खातात." मी ओल्या हातांनी तिला जवळ घेतलं आणि रडले. बाळ्यानंतर दांडीची गोष्ट मी फक्त तिलाच सांगितली.

कलम ६. भावाला मोडकी दांडी, वेल्डरच्या चिठ्ठीसह. चांगल्या लाल कापडात गुंडाळून द्यावी. कापडाला टीप मी मारून ठेवली आहे.

कलम ७. राहतं घर. आईवडिलांनी ते माझ्या नावावर केलं, पण बाळ्याचा डोळा त्याच्यावर पहिल्यापासून आहे. माझी शोकसभा तो घेणारच, गुरुजींना सभा लागते. त्याच सभेत, शिष्यांसमोर, घड्याळजींनी हे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचावं. मग तबकडीतली ती उतरण पूर्ण वेगात एकदा ऐकवावी. एकदाच. त्यानंतर भावानं कागद न घेता, कोणाला न विचारता ती बारा सुरांसकट वाजवावी. वाजवली तर घर त्याचं. कान तर सगळ्यांनाच असतात.

नाही जमलं, तरी दुसरी वाट ठेवते, नाहीतर लोक म्हणतील बहीण कठोर होती. त्यानं उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं: "ऐकलं ताईनं, मी नाही." एवढे चार शब्द. तरीही घर त्याचं. यांतलं काहीच केलं नाही तर घर भाचीचं, आणि मग तिनं तिथंच बसून बापाच्या देखत नववा सूर वाजवावा.

तो काय करेल ते मला माहीत आहे. म्हणूनच तर घराचे पडदे मी भाचीच्या आवडीचे शिवून ठेवलेत.

कलम ८. माझ्या फोटोखाली "शिवणकाम करणारी बहीण" असं लिहू नये.

वाचून, समजून, माझ्या पुढच्या खोलीत सही केली. दिनांक नऊ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी साडेअकरा.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: (सही) कोपऱ्यावरचे औषधविक्रेते
साक्षीदार दुसरे: (सही) इस्त्रीवाले, समोरची गल्ली

डॉक्टरांचा दाखला: मी आज बाईंना तपासलं. मनःस्थिती पाहण्यासाठी मी त्यांना शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. त्यांनी नकार दिला, वाद्यापाशी जाऊन बसल्या आणि "वजाबाकी भावाला विचारा. तुम्ही मोजा," असं म्हणून एक उतरता तुकडा वाजवला. मला संगीतातलं कळत नाही. मी बोटांवर मोजले. बारा भरले. खात्रीसाठी पुन्हा वाजवायला सांगितलं, तेव्हाही बारा. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. हे त्यांच्या सांगण्यावरून आकड्यात व अक्षरी लिहून देत आहे: १२, बारा फक्त.

(सही) डॉक्टर