चांगुणेच्या सहीवाचून

कोल्हार,
ता. ९ फेब्रुवारी १९७१

चि. चांगुणेस मनकर्णाचे आशीर्वाद. बनूला माझा मुका.

इकडे सगळं बरं आहे. कपिला व्याली, कालवड झाली. पेरूला बहार चांगला आहे, पण राखायला माणूस नाही, पोपटांचं राज्य चाललंय. माझे गुडघे आहेत तसेच. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षर जमेल तसं लावून घे. आणि हे पत्र एकटी बसून वाच.

मालकांच्या तेराव्याला तू बनूला घेऊन माहेरी निघालीस, त्याला दोन महिने होत आले. गहिनीनाथ भावजी भरल्या पंगतीत बोलले, "कायद्यानं ही दादाची कोनीच न्हाई." मी तुझा हात धरला, तू सोडवून घेतलास. "जितं मी कोनीच न्हाई, तितलं पानी बी नको," म्हणालीस. तुझा राग मला कळतो. पण पुढे काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसणार.

त्याच आठवड्यात भावजी कागद घेऊन आले. "वैनी, तुमाला पोरबाळ न्हाई. रान कोन बघनार? हितं सही करा, बाकी मी हाय." मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या नाकावरच होता. ते कागद उचलून निघून गेले.

मग मी एकटीच नगरला गेले. आपल्या दवाखान्यातल्या मेरी नर्सबाईंनी त्यांच्या ओळखीच्या वकिलांना चिठ्ठी दिली होती. कृपादान त्यांचं नाव. वाटेत तुमच्या राहुरीला एसटी थांबली. उतरून तुझ्याकडे यावंसं फार वाटलं. पण रिकाम्या हातानं येऊन तुला काय सांगणार होते?

वकिलांनी सगळं शांतपणे ऐकलं. वाटण्या सासऱ्यांनीच करून दिल्या होत्या, मालकांनी मृत्युपत्र केलेलं नाही, हे विचारून घेतलं. मग म्हणाले, "बाई, पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न आताचा कायदा मानत नाही. त्या लग्नाच्या मुलीलाही वाटा मिळत नाही. वारस तुम्ही एकट्या."

चांगुणा, तुझ्या माहेरी तुला बघायला मी आले होते. तुला साडी मी निवडली. मांडवात तुझ्यामागे मी उभी होते. आणि हा माणूस म्हणतो, ते लग्न झालंच नाही.

आता जे लिहिते ते लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. ते ऐकल्यावर मला आधी वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. दहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की मनकर्णा एकटीच त्यांची बायको. तुझ्या खोलीचं दार लागायचं तेव्हा मी चुलीपाशी बसून राहायचे. तुझ्यावर कधी रागावले नाही, पण तेव्हा मनात काय असायचं ते माझं मला ठाऊक. वकिलांपुढे बसून मी ते बरं वाटणं अगदी पुरेपूर भोगून घेतलं. मग बनूला टायफॉइड झाला होता ते आठवलं. आपण दोघी आळीपाळीनं पाण्याच्या पट्ट्या ठेवत होतो. शुद्धीवर आल्यावर तिनं "मोठी आई" म्हणून हाक मारली, आणि तू न रुसता बाजूला सरकून मला जागा दिलीस. माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

मी विचारलं, "मी सही केली नाही तर?"

"सहीची त्यांना गरजही नाही," वकील म्हणाले. "तुम्ही काही न करता गेलात, तर नवऱ्याकडून आलेली जमीन नवऱ्याच्याच माणसांकडे जाणार. म्हणजे दिराकडे."

गप्प बसणं म्हणजेही देऊन टाकणंच, हे मला तेव्हा कळलं. मग मी ठरवलं. नदीकाठचं रान मी जिवंत असतानाच बक्षीसपत्रानं तुझ्या नावे. घर आणि विहिरीचं शेत माझ्यामागं बनूला, तसं मृत्युपत्र. मृत्युपत्र होऊन गेलं, साक्षीदारांच्या सह्या झाल्या.

बक्षीसपत्राचं मात्र वकील मला थांबवत होते. "एकदा दिलेलं परत घेता येत नाही. उद्या त्यांनी तुम्हाला विचारलं नाही तर?"

मी म्हटलं, "वकीलसाहेब, नवरा वाटून घेतला, रानाचं काय घेऊन बसलात?" ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

भावजींना कळलं आहे. दारावरून जातात, मान वळवत नाहीत. काल पाटाचं पाणी तोडलं. मीच फावडं घेऊन गेले आणि परत वळवलं. पण असं किती दिवस निभेल, माहीत नाही.

आता तुझ्यावर आहे. देणारीची सही झाली, तरी घेणारीनं घेतलं पाहिजे, असा कायदा आहे. पुढच्या सोमवारी मी नगरच्या रजिस्ट्रार कचेरीत असेन. ये. नको असेल तर तसं तोंडावर सांगायला तरी ये. बनूला आण. मी घर आवरून ठेवलं आहे, पण तुझ्या खोलीतलं काही हलवलेलं नाही.

एक राहिलं. मसुदा लिहिताना वकिलांनी विचारलं, "त्या तुमच्या कोण? नातं काय लिहू?" मी म्हटलं, तेवढी जागा कोरी ठेवा, तिला विचारून सांगते. तुला जे वाटेल ते त्यात लिहू. माझ्याकडून मी इथं खाली लिहिते आहे. कायदा काहीही म्हणो.

तुझी सवत,
मनकर्णा