फळी लांब की आखूड

प्रिय अब्बा,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले आणि मी आत्ता लिहायला बसलोय, तेही एका फळीसाठी! आठवण अनावर झाली वगैरे काही नाही. गोदीतला माझा सोबती डेव्हिड, त्याचं ऑस्ट्रेलियाहून पत्र आलंय. सुट्टी संपवून मी तिकडे पोचलो की आम्ही चौघं फळीवर उभं राहून लाटांवर खेळायला बाली बेटावर जाणार. तिथल्या लाटा आमच्या नेहमीच्या लाटांच्या दुप्पट, आणि खाली धारदार खडक. त्याने विचारलंय, तुझ्यासाठी कुठली फळी ठेवू, लांब की आखूड? उद्या जव्हारच्या पोस्टातून तार करायची आहे. असलं काही विचारावं असा माणूस आपल्या घरात एकच होता.

मराठीत लिहितोय, रागावू नका. तुमचं उर्दू मला कधी जमलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं, "तिकडे रविवारी मी फळीवर उभा राहतो." तुमचा चेहराच पडला. "म्हणजे? फिटरचं काम सोडलंस? लोकांच्या भातखाचरात मजुरी करतोस?"

तुमच्या लेखी माणूस उभा राहतो ती फळी एकच. चिखलणी झाली की बैलांमागे बांधून खाचर सपाट करायची, ती. मोखाड्याच्या शेतकऱ्यांना जन्मभर तीच करून दिलीत, तुमचं तरी काय चुकलं? मी समुद्र, लाट, सगळं हातवारे करून समजावलं. तुम्ही बिडी विझवलीत आणि म्हणालात, "आणि बैल?"

"लाटच ढकलते, अब्बा."

"मागून? मग फळीचं वजन किती?"

मी फुशारकीने सांगितलं, हल्ली सगळे आखूड, हलकी फळी घेतात. "हलकी चिखल दाबत नाही, नुसती उड्या मारते," तुम्ही म्हणालात. "पाण्याला जोर असेल तर लांब घे. जड घे."

बस्स, तिथून आपलं वाजलं. बाप सुतार, मुलगा समुद्र बघून आलेला. कोण कुणाचं ऐकणार?

दुसऱ्या दिवशी पोशेऱ्याला लक्ष्मणच्या शेतावर नवी फळी पोचवायची होती. एसटीच्या टपावर बांधून आपण ती नेली. तिथे सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "चढ. दाखव तुझी कला." चढलो. बैल चार पावलं चालले नसतील, मी तोंडावर चिखलात! लावणी करणाऱ्या बायका कंबर सरळ करून हसल्या, लक्ष्मण हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने तुम्ही. इतकं हसायलाच हवं होतं का हो?

मी रुसलो. सत्तावीस वर्षांचा घोडा! सुट्टीचे आठ दिवस बाकी होते. तुम्ही नमाजाला गेल्याचं बघून पिशवी उचलली आणि एसटी पकडली. अम्मीला थाप मारली, कामावरून बोलावणं आलंय. तीच आपली शेवटची भेट. मला त्याचं वाईट वाटतं. रोज नाही वाटत, पण वाटतं.

तिकडे जाऊन आखूड फळीच वापरत राहिलो. लांब फळी हातात घेतली की तुमचं हसणं ऐकू यायचं. आणि गंमत बघा, तिथला फळ्या करणारा म्हातारा अगदी तुमच्यासारखं बोलतो! मोठी लाट जोरात पळते, तिला गाठायचं तर फळी लांब हवी, आणि वाऱ्यात ती उडू नये म्हणून थोडी जड. म्हणजे तुम्ही बरोबर होतात. पण कारण साफ चुकीचं होतं. खाचरात वजन लागतं ते चिखल दाबायला! एवढं तरी मला असू द्या.

काल लक्ष्मण भेटायला आला होता. म्हणाला, "तू गेलास ना, मंग तुजा बा परत शेतावर आला. म्हनला, मला चढव. मी म्हनलं, चाचा, हाडं मोडतील. ऐकला नाय. दोनदा पडला. मंग बांधावर बसून म्हनला, पोराला हसलो, चुकलं."

अब्बा, हे मला कळवलंत का नाही? त्यानंतर तुमची चार पत्रं आली. पाऊस, अम्मीचा गुडघा, करवतीचं नवं पातं. यातलं एक अक्षर नाही! मीही काही लिहिलं नाही म्हणा. मग मी कुणावर गेलोय, सांगा!

तार ठरली. लांब फळी.

पण फळीने सगळं भागत नाही. डेव्हिड लिहितो, गेल्या खेपेला तिथे एकजण बुडाला. लाट बघून घाबरला होता, पण सोबत्यांसमोर मागे फिरायची त्याला लाज वाटली. ते वाचून मी दचकलो, कारण मीही तेच केलं असतं.

तेव्हा शब्द देतो. त्या किनाऱ्यावर छाती धडधडली, तर तिघांसमोर सरळ म्हणेन, मला भीती वाटते, मी येत नाही. हसतील. हसू देत. मी तिथेच बसून राहीन, त्यांचं हसून होईपर्यंत.

तुमचा,
सलीम