भास्करची विमानं आणि दहाव्याचा कावळा

प्रिय भास्कर,

तुझ्या दहाव्याला मी सगळ्यांदेखत हार मानली. ती खरी होती की खोटी, याचा मला घोर लागलाय. खोटी ठरली तर तुझी सुटका रद्द होते का रे? भटजींना विचारायची लाज वाटते, म्हणून तुलाच लिहितो.

उस्मानपुऱ्यातल्या हॉटेलात किती वर्षं तेच भांडलो आपण! तू हवाई दलातला निवृत्त मेकॅनिक, मी सातवी पास. मी म्हणायचो, "क्षेपणास्त्रं आली, आता शत्रूला अडवणारी विमानं भंगारात घाला." तू बशीत चहा ओतून म्हणायचास, "येड्या, सोडलेलं क्षेपणास्त्र हाक मारल्यावर माघारी येतं का? आभाळात अनोळखी विमान दिसलं तर जवळ जाऊन बघायचं कुणी? तुझ्या बापानं?"

माझ्या बापाला कशाला मध्ये आणायचास? आणि जाण्याआधी हे मिटवायचं नाही होय?

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मुलानं हात जोडले, "बाबा, आईला सांभाळतो." नाही. वहिनी म्हणाल्या, "तुमचा रेडिओ विकत नाय." तरी नाही. ऊन तापलं. मग वहिनी माझ्याकडं वळल्या, "भाऊजी, ते विमानाचं तेवढं कबूल करून टाका की!"

माझी बीपीची गोळी घ्यायची राहिली होती. मी ओरडलो, "व्हय बाबा, लागतात विमानं!" आणि लिंबावरून कावळा उडाला. लोक हसले, भटजीसुद्धा!

पण तो सरळ आला नाही. पिंडावर घिरटी घातली, कुत्रं बघितलं आणि माघारी फांदीवर गेला. कुत्रं हाकललं तेव्हा पुन्हा येऊन चोच मारली. भिरकावलेला दगड असा परत गेला असता का?

तिथं मला निम्मं पटलं. नुसतं वर चढून शत्रूला पाडणारं जुनं विमान गेलं, हे माझं खरं. पण वर जाऊन बघायचं, नको असेल तर परत फिरायचं, हे काम उरलंच. ते तुझं खरं. निम्मी कबुली चालते ना?

आता वचन देतो. हॉटेलात कुणी विमानं भंगारात काढली तर तुझ्या बाजूनं मी भांडेन. काल भांडलोही. समोरचा म्हणाला, "बरोबर आहे तुमचं काका," आणि चहा संपवून निघून गेला.

इतक्या लवकर मान्य करतात का रे कुणी?

तुझा,
गणपत