तिसऱ्या ठोक्यावर

बाल्टिमोर, १० मार्च १९८३

प्रिय डेल्फीन,

हे माझं दहावं पत्र. आधीच्या नऊ पत्रांत एकच विचारलं होतं, जूनमध्ये लग्न करायचं की नाही, आणि तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तुला न विचारताच मी उभा राहिलो आणि तुझ्या वडिलांना तारीख सांगून मोकळा झालो. हातातलं रताळ्यांचं भांडं टेबलावर ठेवून तू आत गेलीस, ती माझ्यापुरती अजून बाहेर आलेलीच नाहीस. जानेवारीत मी कॉलेज सोडलं तेही तसंच, रागाच्या भरात. असो. आज काही विचारायचं नाही. इकडची हकिगत सांगतो.

मेरिटमामाच्या गाणाऱ्या चौकडीची, टॅनेजर्सची, नवी रेकॉर्ड झाली, चोवीस वर्षांनी. चौघांतले तिघेच उरलेत: मुख्य गायक अ‍ॅम्ब्रोज, खर्जात होझिया आणि सगळ्यात वरच्या सुरात मामा. गेलेल्या चौथ्याच्या जागी मी. अजूनही ते एकाच माइकभोवती खांद्याला खांदा लावून गातात. माझा खांदा जरा पुढे सरकला की होझिया कोपर मारतो, "बाळा, बास्केटबॉल नव्हे हे!"

त्यांच्या गाजलेल्या गाण्यावर आपण तुमच्या स्वयंपाकघरात नाचलोय. कडवं संपलं की सगळे गप्प होतात आणि मामा एकटाच ‘थांब’ म्हणत वर चढतो, तो तिसऱ्या ठोक्यावर. मला वाटायचं, चालच तशी बांधलीय. तशी नाहीये. यायचं होतं चौथ्यावर. १९५७ साली मामा एक ठोका आधी घुसला, स्टुडिओची वेळ संपली होती, म्हणून तेच छापलं गेलं. तेव्हापासून अख्खं शहर ते तिसऱ्यावरच म्हणतं. होझिया म्हणतो, "‘थांब’ म्हणायलासुद्धा जो थांबला नाही, असा जगात हा एकटाच."

या वेळी ते गाणं पुन्हा करायचं ठरलं, तर मामा म्हणाला, "मी चौथ्यावर येणार." अ‍ॅम्ब्रोज उखडला, "लोक ती चूकच ऐकायला येतात, मेरिट! ती काढलीस तर आपल्याकडे उरलं काय?" मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी गप्प बसतोय थोडाच. जुन्यात जीव आहे, हे म्हणजे मेलेल्याला इस्त्री करणं आहे, असं ओरडलो आणि हेडफोन जमिनीवर आपटले. मामाने आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाला, "पंचवीस वर्षं माझ्या घाईला टाळ्या पडताहेत, रेनार्ड. लोकांना आवडली म्हणून काही ती बरोबर होत नाही. उचल ते." उचलले. मामा चौथ्यावर आला, अगदी नेमका. परत वाजवून ऐकलं. होझिया म्हणाला, "छान झालंय. कुणाचं गाणं आहे?" मामासकट सगळे हसले, पण रेकॉर्डवर तेच गेलं.

गेल्या शनिवारी कामगार संघाच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. ती जागा आली आणि सगळा हॉल तिसऱ्या ठोक्यावर ‘थांब’ म्हणाला. मामाचं तोंड बंद. मी शेजारीच होतो. एक ठोका म्हणजे किती, पापणी लवेपर्यंतसुद्धा नाही. तेवढ्यात त्याच्या गळ्याची शीर उडताना दिसली, पँटच्या शिवणीवर मूठ आवळलेली दिसली. मग तो एकटा, लोकांच्या मागून, वर चढला. पुढच्या टेबलावरची एक बाई ओरडली, "उशीर केलास रे राजा!" हॉल हसला. मामा गात राहिला. परत येताना गाडीत मी विचारलं, वाईट वाटलं का? तो म्हणाला, "वाटलं की. गाडी थांबव, भूक लागलीय."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आज सकाळी तुझ्या वडिलांच्या सलूनमध्ये गेलो होतो. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. सगळ्यांदेखत सांगितलं की जूनचं मी माझ्या मनाने बोललो, डेल्फीनला विचारलं नव्हतं आणि ती कधीच हो म्हणालेली नाही. गालावर साबण असलेला एक म्हातारा म्हणाला, "अरे देवा, मी सूट शिवायला टाकलाय!" तुझ्या वडिलांनी वस्तरा पुसला. "तिने पाठवलं तुला?" मी म्हटलं, नाही साहेब. मग वस्तऱ्यानेच बाकाकडे खूण करत म्हणाले, "बस तिकडे. ते केस बघवत नाहीत." रविवारी तुझी आई तुला तिकडे फोन करील आणि तिच्या पद्धतीने सांगेल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. आता घरी तुला कोणी काही विचारणार नाही. मीही नाही. जून तुझा तुला परत.

आत्तापुरता नुसताच,
रेनार्ड