सेल्फ लागतो, गाडी चालू होत नाही

६ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

तुम्हा दोघांना आशीर्वाद. इकडची खुशाली नेहमीचीच. माझे गुडघे कुरकुरतात आणि तुझे बाबा म्हणतात, गुडघे नाही, तूच कुरकुरतेस.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर माझा आवाज गल्लीभर जातो असं तूच म्हणतेस, आणि घर आपलं दोन खोल्यांचं. मागच्या वेळी फोन स्पीकरवर होता, आणि तू "गाडी विकून टाका" म्हणालीस ते त्यांनी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. तेव्हापासून तुझा फोन आला की ते उठून गाडीकडे जातात. राग आहेच, पण रागापेक्षा मनाला लागलंय जास्त. म्हणून लिहायला बसले.

तर बातमी अशी, की गाडी आपणहूनच बंद पडलीय. सोमवारपासून सेल्फ लागतो, इंजिन गरगरतं, पण चालू काही होत नाही. तुला हवं होतं ते झालं, तेव्हा आता काळजी सोड आणि वेळेवर जेवत जा.

तुझे बाबा रोज सकाळी बॉनेट उघडून उभे असतात. मी किल्लीवर. गाडी घरात आली तेव्हापासून ही माझी जागा ठरलेली. ते पुढे वाकून "मार" म्हणाले की किल्ली फिरवायची, "बस" म्हणाले की सोडायची. तूही लहानपणी बसायचीस आणि "बस" म्हटलं तरी सोडायची नाहीस. आधी बॅटरी झाली. दिवे लावून सेल्फ मारला, दिवे फारसे मंद झाले नाहीत, म्हणजे बॅटरी ठीक. तरी तिच्या टोकांवरची पांढरी पूड गरम पाण्याने धुतली, अर्थिंगची पट्टी घासून पुन्हा आवळली. एसटीच्या डेपोत वायरिंगला होते तेव्हा त्यांना करंटमास्तर म्हणायचे ते उगीच नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण अजून स्क्रू काढला की डब्याच्या झाकणातच ठेवणार, जमिनीवर नाही.

शेजारचे शिंपी येऊन उभे राहतात आणि गाडीतलं ओ की ठो कळत नसताना सल्ले देतात. बाबा त्यांना म्हणाले, तुम्ही बाह्या बघा, मी वायरी बघतो. म्हणजे तब्येत बरी आहे.

पुढच्या बंपरला एक पोचा आलाय, तू आलीस की दिसेल म्हणून आत्ताच सांगते. फाटकाला लागला. त्यात विशेष काही नाही.

तुझी,
आई


१५ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

तुझं उत्तर मिळालं. तू विचारतेस की आपलं फाटक दिवसभर उघडं, भिंतीला टेकलेलं असतं आणि बाबा गाडी नेहमी मागे घेत आत आणतात, मग पुढचा बंपर त्याला लागला कसा. तुला खोटं सांगायचं म्हणजे तुझ्या लहानपणापासून माझ्या नाकी नऊ येतात. त्याच्याकडे येते. आधी गाडीचं सांगते, कारण तुला गाडीतलं कळतं आणि मला एक गोष्ट विचारायचीय.

काल त्यांनी कॉइलची मधली जाड वायर काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरलं. मी किल्ली फिरवली. टक टक करत ठिणगी पडली, चांगली निळी. मग एक प्लग काढून तसाच तपासला. काही नाही. म्हणजे करंट कॉइलमधून निघतो आणि प्लगपर्यंत पोचत नाही. मध्ये असतं काय? डिस्ट्रिब्युटरची ती काळी टोपी आणि तिच्या आत फिरणारा रोटर. तुला शिकवताना ते म्हणायचे, रोटर म्हणजे आपला पोस्टमन, एकेका प्लगच्या दारात करंट टाकत फिरतो. एवढं तर मलासुद्धा पाठ आहे.

त्यांनी टोपीच्या दोन्ही क्लिपा सोडल्या. बॉनेट वर असलं की आत बसलेल्याला खालच्या फटीतून नुसते हात दिसतात. मी त्यांचे हात बघत होते. टोपी उचलली. बोट आत घालून फिरवलं. मग टोपी परत बसवली आणि म्हणाले, "इथे सगळं ठीक आहे. कॉइल कमजोर झाली असेल."

ठकू, टोपीखाली रोटर नव्हताच. तो मी काढलाय.

त्या सोमवारी ते आंघोळीला गेले तेव्हा काढला. युक्ती त्यांचीच. आपण परगावी जायचो आणि गाडी अनोळखी जागी लावायची वेळ यायची, तेव्हा ते रोटर उपटून, आपल्या रुमालात बांधून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, पर्समध्ये ठेव, आता चोर आला तर ढकलत नेईल. परत आलो की हात पुढे करायचे आणि मी रुमालाची गाठ सोडून तो द्यायची. तीच युक्ती मी त्यांच्यावर उलटवली. वाटलं होतं, पहिल्याच दिवशी सापडेल, आरडाओरडा करतील आणि जे काढायला माझी जीभ रेटत नाही ते बोलणं त्यातून निघेल. पण ते रोज काहीतरी घासत राहिले, आणि मी चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी किल्लीवर बसून राहिले.

आता बंपर. गेल्या महिन्यात ते माझ्या गोळ्या आणायला गेले, ते जेवणवेळ टळून गेली तरी आले नाहीत. आल्यावर म्हणाले, रस्त्याचं काम चाललंय. संध्याकाळी शिंप्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं. गाडी शाळेच्या कुंपणाला लागली होती. शाळा नुकतीच सुटली होती. ब्रेकऐवजी पाय दुसऱ्याच पेडलवर पडला. मुलं पुढे निघून गेली होती म्हणून वाचली, एका मुलीची पाण्याची बाटली तेवढी चाकाखाली आली. शिंप्यांनी विचारलं, मास्तर, इकडे कुठे? तर ते म्हणाले, घर शोधतोय.

तुला हे कळवलं नाही, कारण तू पहिल्या गाडीने आली असतीस आणि त्यांच्यासमोर सगळं बोलून मोकळी झाली असतीस. तुझं काही चुकलं नसतं. मलाच ते ऐकवलं नसतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

आता माझा प्रश्न. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून कुठला प्लग मेलाय ते कळायचं, त्याला बोट घालूनही रिकामी जागा कळली नाही, असं होऊ शकतं का गं? तू त्यांच्या हाताखाली शिकलीस, तुला ठाऊक असेल. मला त्याचीच भीती वाटतेय, गाडीचं काय व्हायचं ते होवो. खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

तुझी,
आई


२७ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

तू लिहिलंस, "आई, बोट घातल्यावर न कळणं शक्यच नाही." ते वाचून मी जास्तच घाबरले, कारण मग त्यांचं बोटही त्यांचं राहिलं नाही, असा अर्थ मी काढला. पण तूच बरोबर होतीस. सगळं सांगते. आज पत्राबरोबर एक छोटी पुडी आहे, ती मात्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उघडू नकोस.

रविवारी जेवताना त्यांनी मीठ मागितलं. बरणी नेहमी पुढे करते, पण त्या दिवशी मी चिमूटभर काढून ताटात वाढलं. कारण रोटर मी बरणीमागेच दडवला होता, रुमालात गुंडाळून, आणि फळीवरून बरणी हलली की तो दिसला असता. त्यांनी मीठ कालवलं आणि मान वर न करता म्हणाले, "मिठाजवळ ठेवू नकोस तो. वरची पट्टी पितळेची आहे. हिरवी पडेल."

माझा घास हातातच राहिला. कधीपासून माहीत आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, पहिल्याच दिवशी. मी बाजारात गेल्यावर टोपी उघडून पाहिली होती, मग घरात शोधलं. "तुझ्या लपवायच्या जागा दोनच," म्हणाले. हसले थोडे. मी म्हटलं, मग परत का नाही बसवला? इतके दिवस मला किल्लीवर का बसवलंत?

त्यांनी पुढचा घास कालवला. मग म्हणाले, "गाडी बिघडलीय म्हटलं की लोक गाडीचं विचारतात. माझं विचारत नाहीत."

कॉइल कमजोर झाली म्हणाले, तेव्हाच त्यांना वाटलं होतं की मी आता बोलेन. मी बोलले नाही, म्हणून तेही बोलले नाहीत. दोघंही मूग गिळून बसलो होतो आणि मध्ये बिचारी गाडी. त्या मुलीची बाटली अजून डोळ्यांसमोर येते म्हणाले. तिचा रंगही सांगितला, पिवळी होती. तू गाडी विका म्हणालीस त्याचा राग नाही, फक्त तुझ्या तोंडून ऐकायला नको होतं, असंही म्हणाले. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

हात धुऊन आल्यावर परत समोर बसले.

"हे बोलणं उद्या माझ्या लक्षात राहील याची खात्री नाही. मी मागितला तर देऊ नकोस. भांडलो, रडलो, तरी नाही."

मी हो म्हटलं. नंतर भांडी घासताना खूप रडले. दुःख होतंच, पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं होतं. माणूस अजून जागेवर होता, आणि माझ्या बाजूने होता.

पुढचे काही दिवस इतके छान गेले की काय सांगू. सकाळी ते बॉनेट उघडत, मी किल्लीवर. मार. बस. सगळं ठाऊक असून दोघंही गंभीर चेहऱ्याने खेळत होतो. शिंप्यांनी विचारलं, काय मास्तर, सापडलं का? तर म्हणाले, जुनं दुखणं आहे, वेळ लागेल. मला हसू आवरेना.

काल सकाळी त्यांनी टोपी उघडली आणि मला हाक मारली. "अगं, इथला रोटर कुठे गेला?"

मला वाटलं, खेळच चाललाय. मी म्हटलं, काखेत कळसा नि गावाला वळसा, बघा तुमच्याच खिशात असेल. आणि ते खरंच खिसे बघायला लागले. शर्टाचा, मग पँटचे, एकेक करून उलटे केले. मग डब्याचं झाकण बघितलं, गाडीखाली वाकून बघितलं, आणि पायरीवर जाऊन बसले. म्हणाले, असं कधी झालं नाही माझ्या हातून, मी वस्तू हरवत नाही.

मी आत गेले. रोटर आता शिवणाच्या डब्यात होता. डबा उघडला, रुमालही सोडला. अंगठ्याएवढा काळा तुकडा, पितळ अजून स्वच्छ. बाहेर जाऊन हातात ठेवला असता तर त्यांच्या तोंडावरचं ते सगळं पुसलं गेलं असतं. मग ती पिवळी बाटली आठवली, जी मी पाहिलेलीसुद्धा नाही. रुमाल पुन्हा बांधला आणि बाहेर जाऊन म्हटलं, मला काय माहीत, गाडी तुमची.

संध्याकाळी पुन्हा विचारलं. आज सकाळीही. रागाने नाही गं, अगदी नम्रपणे विचारतात, परक्याला पत्ता विचारावा तसं. ते भांडले असते तर मी भांडले असते. आयुष्यभर त्यांनी हात पुढे केला की मी पर्समधून काढून देत आले, आता नाही म्हणायला मला किती दिवस जमेल, माझा मलाच भरवसा नाही. घरात राहिला तर मी तो देऊन टाकीन.

म्हणून पाठवतेय. पुडीत तो आहे, त्यांच्याच रुमालात. फोनवर तुला विचारतील, तर तूही नाही म्हण. मला एकटीला नाही म्हणायला लावू नकोस.

आणि जमेल तेव्हा ये. गाडी विकायचं सध्या काढू नकोस. सकाळी किल्लीवर बस. "बस" म्हणाले की सोड मात्र.

कोरड्या जागी ठेव. मिठाजवळ नको.

तुझी,
आई