बाबांचं भाषण आणि क्वाड कोअर

३१ मे २००९, रविवार
काल खडकवासल्याला बाबांचा निरोप समारंभ झाला. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोकरी, भाषण आयुष्यात पहिलं. अकरा मिनिटं. आई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे धायरीला घरीच, म्हणून शूटिंग माझ्याकडे. हँडीकॅम माझ्या ऑफिसमधल्या अपेक्षाचा. शेवटी बाबा आईबद्दल काहीतरी बोलले. लोक हसले, मग एकदम गप्प झाले. आई सारखी विचारते, काय म्हणालात? बाबा म्हणतात, "व्हिडिओत बघ."
येत्या रविवारी एडिट करून देणार. नक्की.

२ जून
फाइल्स कॉपी केल्या. सात. भाषणाची दिसत नाही. प्रोसेसर जुना आहे, झेपत नसेल. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे; फाइल दिसण्याचा प्रोसेसरशी संबंध नसतो, हे मला माहीत आहे. तरी बदलायला झालाच आहे.

७ जून, रविवार
एक्सेल शीट केली: ड्युअल कोअर की क्वाड कोअर. तेवीस कॉलम. आई म्हणाली, "मला रंगबिंग काही नको गं. नुसते बोलताना दिसू देत." कलर करेक्शन न करता देणं अनप्रोफेशनल असतं, हे तिला समजावलं.

१३ जून
तपकीर गल्ली, कॉम्प्युटरच्या दुकानांची. दुकानदाराने विचारलं, फुटेज किती? अकरा मिनिटं, म्हटलं. "मॅडम, अकरा मिनिटांना चार कोअर? एकेकाच्या वाट्याला पावणेतीन मिनिटं. कंटाळतील हो बिचारे."
क्वाड कोअर घेतला.

१४ जून, सकाळी ९.१०
बसत नाही. मदरबोर्डचं सॉकेट वेगळं आहे. तेवीस कॉलममध्ये सॉकेट नव्हतं. ऑफिसमध्ये बोलायचं नाही.

१५ जून
नवा मदरबोर्ड आणायला पुन्हा तिथेच. दुकानदार काही बोलला नाही. नुसता चहा मागवला. बोलला असता तर बरं झालं असतं.

२० जून
मशीन अप्रतिम. फाइल्स सातच. टायटल बनवलं: बाबांचं नाव, मागे धरण. रेंडर नऊ सेकंदांत. बाबांनी विचारलं, "झालं का?" नव्वद टक्के, म्हटलं.

२८ जून, रविवार
अपेक्षा हँडीकॅम न्यायला आली. आई तिला म्हणाली, मी अजून काहीच पाहिलं नाही. "काकू, एवढंच ना? ही वायर थेट टीव्हीला लागते." क्वालिटी पडेल, मी म्हटलं. तोवर तिने लावलीसुद्धा.
सात क्लिप्स. सतरंजी. खुर्च्यांचे पाय. माझी चप्पल, बराच वेळ. कॅमेरा खाली लोंबत असताना रेकॉर्डिंग चालू, डोळ्याला लावला की बंद. बटण प्रत्येक वेळी उलटं. शेवटच्या क्लिपमध्ये बाबा उठून माइककडे निघतात. माझा आवाज: "हं, आता घेते." क्लिप संपते.
हे सगळं मी २ तारखेलाच पाहिलं होतं. इथे लिहिलं नव्हतं.
अपेक्षा हळूच वायर गुंडाळत होती. आई रिकाम्या टीव्हीकडे बघत राहिली. मग बाबांना म्हणाली, "अहो, आता सांगा की." बाबा म्हणाले, "आता तसं नाही यायचं." आणि पाणी प्यायला आत गेले.
आई माझ्याकडे वळली. "तू तर समोरच होतीस ना? तूच सांग, काय म्हणाले?"
मला फोकस आठवतो. अगदी शार्प होता.