अंबरनाथपुढचं तिकीट

शिरगाव, बदलापूर

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

रविवारी यज्ञेशबरोबर, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्याच्या मावशीकडे उल्हासनगरला गेले. त्याचा पास कल्याणपर्यंतचा, माझा ऑफिसपुरता, अंबरनाथपर्यंतच. "तुझं पुढचं तिकीट काढलंय," म्हणाला होता. उल्हासनगरला टीसीने मला अडवलं. मी यज्ञेशला हाक मारली. त्याने वळून पाहिलं आणि सरळ जिना चढून गेला.

दंड भरून बाहेर आले, तर हा रिक्षात बसलेला. "विसरलो गं. चारचौघांत तमाशा कशाला?"

मावशींकडे मी हसतच जेवले.

बाबांना सांगू नकोस. पण आई, ते तुला असं कधी सोडून गेलेत का गं?

तुझीच,
सई